मोरचुदाची खळ

सानिकाचं लग्न दोनदा ठरून दोनदा पुढं गेलं आणि तिसऱ्यांदा मार्गशीर्षातली तारीख धरली, ते साल दोन हजार एकेचाळीस. पहिल्या वेळी नवऱ्यामुलाची आजी वारली. दुसऱ्या वेळी बोगद्यावरचं यंत्र बिघडलं आणि नवरीलाच सुटी मिळाली नाही. नवरीच्या सुटीवरून लग्न अडतं, हे दुर्गव्वाला वयाच्या शहात्तराव्या वर्षी कळलं. तिनं कपाळाला हात लावला. "आमच्यात मुंडावळ्या बांधून खडी फोडायला जायच्या पोरी," ती म्हणाली. तसं कोणी जात नव्हतं, पण वैतागलेलं माणूस काय वाट्टेल ते बोलतं.

दुर्गव्वा कुसाळकर म्हणजे आंबेदऱ्याच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालणारी बाई. एक्कावन्न वर्षं ती हेच करत आली होती. मैद्याची खळ शिजवायची, खिळखिळ्या पुठ्ठ्याला आधी जुनं वर्तमानपत्र चिकटवायचं आणि त्यावर खाकी कागद चढवायचा. यातली पहिली सोळा वर्षं तिला अक्षरओळख नव्हती. एकेचाळिसाव्या वर्षी त्या वेळचे ग्रंथपाल टेंबेसर यांनी तिला बाराखडी शिकवली, तीही हौसेनं नव्हे. ती पुस्तकांवर नंबरांच्या चिठ्ठ्या उलट्या चिकटवायची, आणि त्या सुलट्या करून सर कंटाळले होते.

सानिका ही तिच्या मुलाची मुलगी. आंबेदऱ्याच्या डोंगरातून पलीकडच्या कोरड्या तालुक्यांना पाणी नेणारा एक जुना बोगदा होता. आता त्याच्या शेजारून, पन्नास पावलांवरून, दुसरा बोगदा चालला होता. तो पोखरणाऱ्या अजस्र यंत्राला कामगार 'घूस' म्हणत. घुशीच्या पाठीत बसून तिला हाकायचं काम सानिकाकडे होतं. पाळीला तिच्याबरोबर चौदा माणसं आत असत.

त्या शुक्रवारी दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला होता. सानिका उंबऱ्यात बसून बूट चढवत होती आणि तोंडात चकलीचा तुकडा होता.

"अव्वा, आता आठवडाभर मला फोन करू नको. घूस झकास चाललीय. दिवसाला पंधरा मीटर. पुढच्या शुक्रवारी साखळी नऊशेचाळीस गाठतो बघ."

साखळी म्हणजे बोगद्याच्या तोंडापासूनचं अंतर, हे त्या घरात कोणाला सांगावं लागत नव्हतं. दुर्गव्वानं डब्याचं झाकण हातात तसंच धरलं.

"तिथं जाऊ नको."

"कुठं?"

"नऊशेचाळीसला. तिथं पाणी हाय."

"अव्वा, सगळा डोंगर तपासलाय आम्ही."

"मग नीट तपासला न्हाई. तिथं तुझा आज्जा गेला. त्याच्याबरूबरचे मजूर त्यो आकडा सांगायचे."

सानिकानं चघळणं थांबवलं. "आजोबा तापानं गेले ना?"

दुर्गव्वा डब्याचं झाकण बसवत राहिली. तेव्हा सानिकानं आजकालची पोरं करतात तेच केलं. आजीला पुन्हा विचारायचं सोडून तिनं मनगटावरच्या पट्टीला विचारलं.

त्या पट्टीतून 'जाणता' बोलत असे. पूर्वी लोक एखादी गोष्ट शोधायला बसले की समोर दहा-वीस ठिकाणांची यादी यायची. कोणतं खरं, कोणतं खोटं, ते आपणच चाचपून बघायचं. ती कटकट जाणत्यानं संपवली. एक प्रश्न, एक उत्तर, एक गोड आवाज. ते उत्तर कुठून आलं हे विचारायची लोकांची सवय सहा-सात वर्षांत मोडली.

"आपला प्रश्न फार छान आहे, सानिका," जाणता म्हणाला. "आंबेदऱ्याचा पहिला बोगदा एकोणीसशे ब्याण्णवमध्ये पूर्ण झाला. अपघातमुक्त बांधकामाचा तो आदर्श नमुना मानला जातो. आपले आजोबा तिम्मा यल्लाप्पा कुसाळकर यांचा मृत्यू राहत्या घरी तापाने झाला. माहिती देणार, पत्नी. निशाणी, अंगठा. आणखी काही मदत हवी आहे का?"

"त्याला म्हणावं, आता थोबाड बंद कर," दुर्गव्वा म्हणाली.

"अव्वा, हा अंगठा तुझा?"

"माझाच की. दुसऱ्या कुणाचा आसणार?" तिनं डबा दाणकन खाली ठेवला. "मुकादम म्हणाला, प्रेत घरी न्यायचं तर कागदावर अंगठा लाव. मी लावला. कागदावर काय लिवलंय ते मला काय ठावं? चोवीस वर्साची हुते मी. काखेत तुझा बा. मागनं कळलं, त्यावर ताप लिवला हुता."

"आणि हे तू बाबांनाही सांगितलं नाहीस? एवढी वर्षं?"

"काय सांगू? नवऱ्याचं मरान माझ्या अंगठ्यानं खोटं केलं, आसं?"

सानिकानं एक बूट घातला होता, दुसरा तसाच हातात राहिला. तो पायात सरकवून ती म्हणाली, "चल. साहेबांना सांगू."

बोगद्याच्या तोंडाशी पाटणकरसाहेबांची कचेरी होती. साहेब मनानं वाईट नव्हते, पण त्यांच्या मागं वरून इतकी टोचणी होती की चहासुद्धा ते उभ्यानंच पीत. त्यांनी दुर्गव्वाला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या पडद्याला प्रश्न विचारला. पडद्यावर मृत्यूचा दाखला उमटला. त्याच्या खाली दुर्गव्वाचा चोवीस वर्षांच्या वयाचा अंगठा होता, सुपाएवढा मोठा करून दाखवलेला.

"आजी, राग मानू नका," साहेब म्हणाले. "वय झालं की आठवणी एकमेकींत मिसळतात."

"आन् कागदाच्या मिसळत न्हाईत?"

"कागद हा कागद असतो."

"म्हंजे माझा अंगठा खरा, आन् अंगठ्याची मालकीण समोर बसलीय ती खोटी?"

"आपली भावना मी समजू शकतो," पडदा मध्येच म्हणाला.

"ह्यो कोन मधी?" दुर्गव्वानं पडद्याकडे बोट केलं. "ह्याचं लगीन झालंय का? ह्याची बायको मेलीय का? मग ह्याला कुठली माझी भावना समजली?"

सानिकानं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. पाटणकरांनी पडद्याचा आवाज बारीक केला.

"साहेब," सानिका म्हणाली, "पुढं बारीक भोकं पाडून दगड तपासायचा असतो ना, तो आपण शंभर मीटरला एकदाच तपासतोय. नऊशेवीसच्या आत एकदा तपासू."

"तपासणीला दोन दिवस जातात. वेळापत्रक जाणत्यानं बनवलंय, आणि पहिल्या बोगद्यात काही झालं नाही या हिशेबानंच शंभर मीटर ठरवलेत. दोन दिवस यंत्र थांबवायचं तर मला वर काहीतरी दाखवावं लागेल. काय लिहू? यंत्रचालकाच्या आजीला वाटतं, असं?" त्यांनी कप टेबलावर ठेवला. "आजी, एक कागद आणा. त्या वेळचा. एक जरी आणलात तरी मी थांबवतो."

दुर्गव्वा उठली. दारात पोचल्यावर वळून म्हणाली, "आनते."

वाचनालयात कागदाला तोटा नव्हता. तोटा वेळेचा होता. समितीनं इमारत जाणत्याच्या केंद्राला द्यायचं ठरवलं होतं आणि अकरा हजार पुस्तकं लगद्याच्या कारखान्याला. बुधवारी गाडी येणार होती. ग्रंथपाल शेखर दामगुडे घामाघूम होऊन गठ्ठे बांधत होता. पन्नाशीचा माणूस, पण त्या आठवड्यात साठीचा दिसत होता.

"मावशी, तुम्ही आज तरी खळ शिजवू नका हो," तो म्हणाला. "बुधवारी सगळा लगदाच होणार आहे. आणखी हात कशाला खराब करताय?"

"त्या बोगद्याची म्हायती कुठं मिळंल?"

"जाणत्याला विचारा."

"त्याला इचारूनच आलेय."

तिनं सगळं सांगितलं. अंगठ्याचंसुद्धा सांगितलं. एकदा तोंडातून गेलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला तेवढी जड जात नाही. शेखर सुतळीचा गुंडा मांडीवर घेऊन ऐकत राहिला. मग उठला आणि कपाटातून एक फाइल काढून आणली. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी तो दर काही वर्षांनी तालुक्याची माहिती जाणत्याकडून घेऊन, छापून त्या फाइलीत लावत असे.

"हे बघा, दोन हजार एकोणतीस. 'बोगद्यातील अपघाताविषयी माहिती उपलब्ध नाही.' हे बत्तीस सालचं. 'अपघाताची नोंद आढळत नाही.' हे पस्तीसचं. 'अपघात झाला नाही.' आणि हे गेल्या वर्षीचं. 'अपघातमुक्त बांधकामाचा आदर्श.'"

"दर साली येगळं? मग खोटं बोलतंय म्हना की."

"खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं, मावशी. ह्याला ते नाही. हे यंत्र पानं साठवत नाही. कोट्यवधी पानं वाचून त्यांचा अर्क ठेवतं, आणि कुठल्या शब्दापुढं कुठला शब्द शोभेल, त्या बेतानं उत्तर जुळवतं. सुरुवातीला त्यानं माणसांचं लिहिलेलं वाचलं, तोवर ठीक होतं. मग लोक त्याचीच उत्तरं अहवालात उतरवायला लागले, बातम्यांत, पोरांच्या वह्यांत. पुढच्या खेपेला यंत्रानं तीच वाचली. त्याचंच उष्टं त्याच्याच ताटात."

"इरजणागत," दुर्गव्वा म्हणाली. "कालच्या दह्याचं इरजण आज, आजचं उद्या. शेजारनं नवं आनलंच न्हाई तर पंधरा दिसांत दह्याला तार सुटती."

"तसंच. आणि हजार ठिकाणी एक गोष्ट आणि एकाच ठिकाणी दुसरी असली, तर ती एकटी गोष्ट चूक धरून ते गाळून टाकतं."

"पर घावलं न्हाई आन् झालं न्हाई, हे एकच का रे?"

"त्याला एकच."

"आपल्याकडं बरं न्हाई तसं. पुस्तक घावलं न्हाई तर 'घावलं न्हाई' म्हनतोस. 'नव्हतंच' म्हनत न्हाईस."

"मी 'उद्या या' म्हणतो," शेखर खिन्नपणे म्हणाला. "म्हणून तर कोणी येत नाही."

ते खरंच होतं. आंबेदऱ्याचं वाचनालय म्हणजे काही ज्ञानमंदिर नव्हतं. टेंबेसरांनी पुस्तकं विषयवार लावली होती. त्यांच्या नंतरच्यानं फळ्या आखूड म्हणून उंचीवार लावली. त्यानंतरच्यानं रंग देताना सगळी अंगणात काढली आणि हाताला येतील तशी आत टाकली. वर्तमानपत्रं तर दर वर्षी रद्दीत गेली. जिल्ह्याचं जे दैनिक होतं ते कधीच बंद पडलं, त्याची कचेरी पुरात गेली, आणि त्याचे अंक कोणी यंत्रात भरले नाहीत.

"मग कुठून आणायचा कागद?" शेखर म्हणाला.

दुर्गव्वा खिडकीतून बाहेर बघत होती. "कागद हितंच हाय," ती म्हणाली. "मीच लावलाय."

नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी टेंबेसरांनी तिला कामावर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात, आदल्या सालची वर्तमानपत्रं कापताना एका पानावर तिला फोटो दिसला. बोगद्याचं तोंड, आणि जमिनीवर ओळीनं ठेवलेली तीन प्रेतं. मधल्या प्रेतावर वाकळ होती. वाकळीच्या कोपऱ्याला तिनं स्वतः घातलेलं चौकोनी ठिगळ होतं, तिच्या लग्नातल्या लुगड्याचं. वर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं नाही. कोणाला विचारावं तर अंगठ्याचं निघेल. फेकावं तर हात होईना. मग तिनं तो कागद एका जाड पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावला, फोटो आतल्या बाजूला करून. मधे खळ लावलीच नाही, फक्त कडांना लावली. वर खाकी कागद चढवला. पुढं वाचता यायला लागलं तरी ती त्या कपाटाकडे फिरकली नाही, आणि नंतर तर कपाटंच हलली.

"कुठल्या पुस्तकाला?" शेखर ताडकन उठला.

"मला वाचता कुठं येत हुतं?"

"अहो, निदान दिसत तर होतं! कसं होतं?"

"जाड. तांबडा कापडी पुठ्ठा."

"खाकी कागदाच्या आत तांबडा पुठ्ठा! अकरा हजार पुस्तकांचे कपडे उतरवू काय मी? बुधवारपर्यंत?"

"वरडू नको. मला आठवू दे."

तिनं डोळे मिटले. शेखर येरझाऱ्या घालत राहिला. जरा वेळानं ती म्हणाली, "मांजर."

"कुठलं मांजर?"

"त्या हिवाळ्यात कसर लई झाली हुती. टेंबेसर म्हनले, खळीत मोरचूद घाल, किडा लागनार न्हाई. मी घातला. महिनाभरच. मग वाचनालयाचं मांजर खळ चाटून मेलं. सरांनी तीन दिवस मला बोल लावला, जसं काय मीच त्याला जेवायला बसवलं हुतं. मोरचूद तवाच बंद झाला."

शेखर थांबला. "म्हणजे त्या महिन्यातली खळ…"

"निळी. हिरवटनिळी. कोपऱ्याला उतरती."

पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्याही यंत्राला हा प्रश्न विचारता आला नसता. शेखरनं बांधलेले सगळे गठ्ठे स्वतःच्या हातानं सोडले आणि प्रत्येक सुतळीगणिक एक शिवी दिली. शनिवार, रविवार, सोमवार, दोघं पुस्तक उचलायचे, कोपरा उजेडाला धरायचे, बाजूला ठेवायचे. शेखरला शिंका आवरेनात. "आयुष्यभर लोकांना सांगितलं, पुस्तक हाताळताना काळजी घ्या," तो म्हणाला, "आणि आता स्वतःच वांग्यासारखी दाबून बघतोय." सोमवारी सानिकाचा निरोप आला, घूस आठशे ऐंशीला पोचली.

मोरचुदाची पुस्तकं दोनशेच्या आसपास निघाली. त्यांतली जाड एकवीस. मंगळवारी दुपारी चौदाव्या पुस्तकाचा खाकी कागद दुर्गव्वानं ओल्या फडक्यानं सोडवला, आणि तिचा हात मंदावला. खालच्या वर्तमानपत्राला मधे खळ नव्हती.

पुस्तक सहकार कायद्याचं होतं. शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. ते कोणी कधी घरी नेलंच नव्हतं, म्हणून कागद शाबूत राहिला होता.

कागद पिवळा पडला होता, पण अक्षरं ठीक होती. शेखर वाचायला वाकला तर तिनं त्याला कोपरानं मागं सारलं. चष्मा पुसला आणि अक्षरावर बोट ठेवून स्वतः वाचलं. बुधवार, बावीस नोव्हेंबर एकोणीसशे एकोणनव्वद. आंबेदरा बोगद्यात पाण्याचा लोंढा, तीन मजूर ठार. तोंडापासून सुमारे नऊशेचाळीस मीटरवर तांबड्या थरात सुरुंगाचे भोक घेताना डोंगरातील साठलेले पाणी फुटून…

ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग पुन्हा वरून.

"मावशी, मिळालं! आकड्यासकट मिळालं!" शेखर जवळजवळ नाचत होता.

"नावं कुठायत?"

"अं?"

"तीन मजूर. तीन मजूर म्हंजे काय? तीन पोती?" तिचा आवाज चढला. "एवढा मोठा कागद, त्यात पंचायत सभापतीचं नाव चारदा हाय. तो काय मेला हुता?"

शेखरनं वाकून बातमी पुन्हा चाळली. नावं नव्हती.

बुधवारी सकाळी पाटणकरांनी कागद दोन्ही हातांनी धरला. वाकळीच्या ठिगळाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कागदाचा फोटो काढून जाणत्याला दाखवला. घूस तेव्हा नऊशेदहावर होती.

"ही माहिती दिल्याबद्दल आभार," जाणता म्हणाला. "हा एकमेव स्रोत आहे. एक लाख वीस हजार स्रोत याच्याशी विसंगत आहेत. कागद बनावट असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के. काम सुरू ठेवण्याची शिफारस आहे."

"एक लाख वीस हजार!" दुर्गव्वा म्हणाली. "त्यातला एक तरी तिथं हुता का?"

पाटणकर खाली बसले. "आजी, मी शब्द दिला होता. पण आता ह्यानं लेखी शिफारस केली. ती मोडून मी थांबवलं आणि आत काहीच निघालं नाही, तर…"

"साहेब," सानिकानं टेबलावर एक किल्ली ठेवली. "घूस मी बंद केलीय. माणसं बाहेर काढलीत."

"तुला कळतंय का, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. लग्नाला सुटी तरी मिळेल."

पाटणकरांनी किल्लीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पडद्याची कळ दाबून तो विझवला. "तपासणीचा ड्रिल लावा," ते म्हणाले. "चौघंच आत जा. बाकी कोणी नाही."

घुशीच्या तोंडातून मिशीसारखा एक लांब, बारीक ड्रिल पुढं काढता येतो. मनगटाएवढं भोक पाडत तो तीस-पस्तीस मीटर पुढचा दगड चाखून बघतो. सह्याद्रीचा दगड हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, भाकरीच्या चवडीसारखा. दोन भाकऱ्यांमध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पातळ थर असतो. वरच्या दगडाच्या भेगांतून पावसाचं पाणी झिरपतं आणि या थरावर येऊन अडतं, कारण तो पाणी खाली सोडत नाही. डोंगराच्या पोटात असं पाणी दाबानं वर्षानुवर्षं बसून राहतं. लहान भोक पडलं तर पाणी पिचकारीसारखं येतं आणि हळूहळू सोडून देता येतं. घुशीसारखं दोन मजली तोंड त्यात घुसलं, तर सगळा थर चिखल होऊन अंगावर येतो.

ड्रिल लावण्यातच बुधवार गेला. दुसऱ्या दिवशी दुर्गव्वा कचेरीत बसून राहिली. आतला आवाज टेबलावरच्या पेटीतून येत होता. दहा मीटर, काळी भुकटी. वीस मीटर, काळी भुकटी. पाटणकर नखं खात होते. पंचवीस मीटर, काळी भुकटी, कोरडी. दुर्गव्वानं डोळे मिटून पदराचं टोक मुठीत धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, कदाचित आपल्याच आठवणी मिसळल्या असतील.

"अव्वा," पेटीतून सानिकाचा आवाज आला. "तांबडं लागलं."

मग दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज, ओरडा, आणि पाण्याचा असा फूत्कार की पाटणकर खुर्चीसकट मागं सरकले. पाण्यानं ड्रिलची दांडी उलटी फेकली होती. चौघंही चिंब भिजून, नखशिखान्त तांबडे होऊन बाहेर आले. सानिकाला ओळखू यायला वेळ लागला. दुर्गव्वानं तिच्या दंडाला धरलं, तिच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला आणि मग त्याच हातानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "तू आत कशाला गेलीस? दुसरं कोन नव्हतं?"

डोंगरातलं पाणी भोकाभोकांतून सोडून द्यायला चाळीस दिवस लागले. सानिकाची नोकरी राहिली, त्यामुळं सुटी मिळाली नाही, आणि लग्न तिसऱ्यांदा पुढं गेलं. व्याह्यांनी फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं. दुर्गव्वानं फोन पाटाखाली ठेवला आणि त्यांना बोलू दिलं.

शेखर तव्यावरच्या शेंगदाण्यासारखा तडतडला तो वेगळ्याच गोष्टीनं. महिन्याभरानं त्यानं जाणत्याला पुन्हा विचारलं. जाणता म्हणाला, "आंबेदऱ्याच्या दुसऱ्या बोगद्यातील धोका आधुनिक प्रणालीच्या मदतीने वेळीच ओळखण्यात आला. पहिला बोगदा अपघातमुक्त होता." पाटणकरांनी कागदाची प्रत पाठवून दुरुस्ती मागितली. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

लगद्याची गाडीही उशिरा का होईना आली आणि पुस्तकं घेऊन गेली. मोरचुदाची तेवढी शेखरनं मागच्या खोलीत दडवली. समितीनं विचारलं तर म्हणाला, विषारी आहेत, कारखाना घेत नाही.

एक दिवस दुर्गव्वा त्या खोलीत आली आणि सहकार कायद्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. वर्तमानपत्राचा कागद तिनं पुन्हा पुठ्ठ्याला लावला होता, या वेळी फोटो बाहेर करून. पहिलं कोरं पान उघडून ती म्हणाली, "पेन दे."

"मावशी, वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं," शेखर सवयीनं म्हणाला, आणि मग गुपचूप पेन दिलं.

तिला लिहायला पाऊण तास लागला. लिहून झाल्यावर तिनं खाली सही केली, आणि शिक्क्याच्या गादीवर अंगठा दाबून सहीच्या शेजारी उमटवला.

"सही आहे की," शेखर म्हणाला. "अंगठा कशाला आता?"

"सही माझी. अंगठा त्या दाखल्यासाठी. जुळवून बघंल कोनीतरी. बाई तीच हाय म्हनंल."

तिनं पान शाई वाळेपर्यंत उघडं ठेवलं. त्यावर लिहिलं होतं ते असं:

माझे मालक तिम्मा यल्लाप्पा कुसाळकर, वय एकोणतीस, त्यांचा मावसभाऊ भीमा विटकर, वय बावीस, आणि सायबू धोत्रे, वय एकोणीस, हे तिघे आंबेदऱ्याच्या पहिल्या बोगद्यात नऊशेचाळीस मीटर आत पाण्यात बुडून मेले. सोमवार, वीस नोव्हेंबर एकोणीसशे एकोणनव्वद, सकाळी साडेदहा वाजता. ताप कोणालाच नव्हता.